पाणी तेच, ओढा तोच, मग रीडिंग का जुळत नाही?

"ताई, माझं किट बिघडलंय बहुतेक. मागच्या रविवारी डीओ साडेसात आला होता, आज अडीच आलाय. नवीन किट मिळेल का?"

असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतो. (डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.) पाठवणारा माणूस दर वेळी वेगळा, तक्रार एकच. कधी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, अचानक दुप्पट होतो, कधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी त्याचा आकडा, नऊवर जातो, कधी शेजारी उभं राहून एकाच डोहातलं पाणी तपासलेल्या दोघांचे आकडे जुळत नाहीत. मग दोन गोष्टी घडतात. एक तर तो आकडा वहीत लिहिलाच जात नाही, 'चुकला असेल' म्हणून सोडून दिला जातो. नाहीतर त्या माणसाचा स्वतःवरचाच विश्वास उडतो आणि पुढच्या रविवारी तो येत नाही. दोन्हींत नुकसान ओढ्याचंच होतं. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

आम्ही रविवारी रामनदीचं पाणी तपासतो. पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या बाजूच्या डोंगरउतारावर ती उगम पावते आणि भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. नावात नदी असली तरी उन्हाळ्यात तो ओढाच. वरच्या अंगाला पाणी आटतं, आणि शहरात शिरल्यावर पात्रातून जे वाहतं त्यात घराघरांतलं सांडपाणी बरंच असतं. पण खाली जे लिहिलंय ते कुठल्याही गावच्या ओढ्याला, नाल्याला, तळ्याला लागू पडेल.

रीडिंग विचित्र आलं की संशय घ्यायचा क्रम ठरवून ठेवा. आधी वेळ, मग जागा, मग बाटली, मग रसायन किंवा मीटर. या चारही गोष्टी निर्दोष निघाल्या तर पाणीच बदललंय असं म्हणायचं. बहुतेक जण उलट्या टोकापासून, म्हणजे 'मीटर बिघडलं' इथून सुरुवात करतात. माझ्या अनुभवात मीटर खरोखर बिघडलेलं फार कमी वेळा निघतं.

वेळ : सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

आमची सुरुवातीची मोठी चूक सांगते, कारण तीच चूक दर नव्या गटात होताना दिसते.

आमच्या एका ठिकाणी पूर्वी दुपारी तीनच्या सुमारास पाणी तपासलं जायचं. रविवारचं जेवण आटोपून लोक निवांत यायचे, ऊन असायचं, मुलं सोबत असायची. डीओ कायम आठच्या पुढे. पाणी हिरवट दिसायचं, पण आकडा इतका चांगला की आम्ही त्या ठिकाणाला मनातून 'बरं' म्हणून टाकलं होतं. एका रविवारी आमच्यातल्या बारावीच्या एका मुलीचा दुपारी क्लास होता, म्हणून ती सकाळी सहालाच वडिलांना घेऊन गेली. पाण्यात पहिली दोन रसायनं घालून बाटली हलवली की ऑक्सिजन असल्यास तपकिरी साका तयार होतो, चहाच्या चोथ्यासारखा. तिच्या बाटलीत साका जवळजवळ पांढरा होता, साबुदाण्याच्या पेजेसारखा. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन संपत आलेला. तिला वाटलं रसायन चुकलं. दुसरी बाटली भरली, तीही तशीच. काठाशी चार-पाच मासे पृष्ठभागावर तोंड वर करून हवा घेत होते, तेही तिनं पाहिलं आणि वहीत लिहिलं. टायट्रेशन केल्यावर, म्हणजे रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबानं घालून ते किती लागलं हे मोजल्यावर, आकडा निघाला दोनच्या आसपास.

आठही खरा आणि दोनही खरा. एकाच दिवसाची ती दोन टोकं.

हे असं होतं कारण पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट भरपूर मिळत असेल तर शेवाळ इतकं माजतं की दुपारी पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन होतो. रात्री ऊन नाही, त्यामुळे निर्मिती बंद. पण शेवाळ, मासे, किडे आणि सांडपाणी कुजवणारे जिवाणू, सगळ्यांचं श्वसन रात्रभर सुरूच. साठा संपत संपत पहाटे, उजाडण्याच्या वेळी सगळ्यात कमी उरतो. मासे मरतात ते त्या वेळी. दुपारचा आकडा कितीही चांगला असला तरी माशाला पहाटही काढावीच लागते.

एक कोष्टक आम्ही पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलंय. समुद्रसपाटीला स्वच्छ पाण्यात २५ अंश सेल्सियसला साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर इतका ऑक्सिजन मावतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून हाच आकडा ७.७ च्या जवळपास येतो. २० अंशांना ८.५, ३० अंशांना ७.१. म्हणजे मेच्या दुपारी ३० अंश तापमानाच्या पाण्यात तुम्हाला १० आला तर आनंद मानू नका. ते पाणी निरोगी आहे असं तो आकडा सांगत नाही, पाण्यात शेवाळ माजलंय असं सांगतो. अशा ठिकाणी पहाटे जाणं भागच आहे.

(डीओ मीटर वापरत असाल तर त्यात उंची किंवा हवेचा दाब भरलाय ना, हेही याच वेळी बघा. सेटिंग समुद्रसपाटीचं राहिलं तर पुण्यात आकडा सहा-सात टक्क्यांनी फसवा येतो.)

उपाय साधा आहे. प्रत्येक ठिकाणाची एक ठरलेली वेळ असू द्या, आणि वहीत तारखेशेजारी वेळ मिनिटासकट लिहा. 'सकाळी' असं नको, 'सकाळी ६.४०' असं हवं. ज्या रीडिंगला वेळ नाही, ते डीओच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी आहे, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. आणि महिन्यातून एकदा तरी एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी असं दोनदा मोजा. दोन आकड्यांमधली दरी कधीकधी आकड्यांपेक्षा जास्त सांगते.

जलपर्णीखाली मात्र वेगळं चित्र दिसतं. पाषाण तलावावर किंवा कुठल्याही साचलेल्या पाण्यावर जलपर्णीची गादी पसरली की खाली ऊन पोचत नाही. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर असतात, त्यामुळे तिचा ऑक्सिजन हवेत जातो. तिच्याखाली दुपारीसुद्धा डीओ कमीच मिळतो. 'दुपार असून इतका कमी कसा' म्हणून किटला दोष देऊ नका, आधी वर काय पसरलंय ते बघा. सलग दोन-तीन दिवस ढगाळ असतील तरी असंच होतं.

टीडीएसलाही वेळ असते, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. सकाळी घराघरांत आंघोळी, धुणीभांडी होतात, ते पाणी तासा-दोन तासांनी ओढ्यात तुमच्या ठिकाणी पोचतं. त्यामुळे सकाळी सात आणि सकाळी दहा यांत मोठा फरक पडू शकतो.

जागा

दोघांचे आकडे जुळत नसतील तर त्यांना फोनवर विचारू नका, दोघांना एकत्र काठावर उभं करा आणि म्हणा, "तुम्ही कुठून पाणी घेतलं ते बोटानं दाखवा." दोघांची बोटं दोन वेगळ्या जागांकडे जातील.

बंधाऱ्याच्या खाली जिथे पाणी उडतं, फेसाळतं, तिथे हवा मिसळून डीओ वाढतो. तिथून वीस पावलं वर, बंधाऱ्याच्या मागे साचलेल्या पाण्यात तो कमी असतो. काठाशी, गवताच्या मुळांत, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. मध्यभागी वाहतं. एखाद्या चेंबरमधून किंवा पाइपमधून सांडपाणी पडत असेल तर ते लगेच सगळ्या पात्रात मिसळत नाही, बरंच अंतर ते एकाच काठाला धरून वाहतं. डाव्या काठावरच्या माणसाला एक ओढा दिसतो आणि उजव्या काठावरच्याला दुसरा.

हे तपासायला टीडीएस मीटर उत्तम. पात्र ओलांडायला सुरक्षित असेल अशा ठिकाणी डाव्या काठापासून उजव्यापर्यंत चार-पाच जागी मीटर बुडवा. आकडे सारखे असतील तर पाणी नीट मिसळलंय, कुठूनही नमुना घ्या. नसतील तर खाली सरका, आकडे जुळतात तिथे तुमचं ठिकाण पक्कं करा. पूल असेल तर कुठल्या कठड्यावरून, कितव्या खांबाजवळून हे ठरवून फोटो काढून ठेवा. आमच्याकडे प्रत्येक ठिकाणाचा असा एक फोटो आहे, त्यावर लाल बाण काढलेला आहे. नवा माणूस आला की आधी तो फोटो.

नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ मागे जाईल, बाटलीत येणार नाही. पृष्ठभागावरचा तवंग नको, तळाचा गाळ नको. वीतभर खाली बाटली न्या. पाणी वीतभरही खोल नसेल तर जितकं आहे त्याच्या मधोमध, आणि ते वहीत लिहा.

पुलावरून बादली सोडून पाणी काढता येतं, पण डीओसाठी बादली घातक. वर खेचताना पाणी हिंदकळतं, त्यात हवा मिसळते आणि मेलेल्या पाण्यालाही चांगला आकडा मिळतो. बादलीशिवाय इलाजच नसेल तर ती पूर्ण बुडवा, सावकाश ओढा, पाणी बाटलीत ओतू नका, नळीनं सोडा. नळी बाटलीच्या तळाला टेकलेली हवी.

बाटली

काचेची ३०० मिलिलिटरची, घासलेल्या बुचाची बाटली लागते. पिण्याच्या पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली डीओसाठी चालत नाही, तिचं झाकण लावताना हवा राहतेच.

बाटली तळापासून भरू द्या, भरून वाहू द्या, आणखी थोडा वेळ वाहू द्या. मग बूच तिरकं धरून बसवा. आता बाटली उलटी करा, नखानं हळूच टिचकी मारा आणि उजेडाकडे धरून बघा. मोहरीएवढा जरी बुडबुडा वर सरकताना दिसला तरी ओतून टाका आणि पुन्हा भरा. कंटाळा येतो, हात गारठतात, मागचे लोक 'चला ना' म्हणतात. तरी पुन्हा भरा. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन विरघळून आकडा फुगतो, आणि आपल्याला कमी आकडा जिथे पकडायचा असतो नेमकी तिथेच ही चूक सगळ्यात महाग पडते.

दुसरी चूक अंतराची. "घरी जाऊन निवांत करते" असं म्हणत बाटली स्कूटरच्या डिकीत टाकली जाते. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात जिवाणू भरलेले असतात, बंद बाटलीत आणि डिकीच्या उष्णतेत ते ऑक्सिजन संपवत राहतात. तासाभरानं जे मोजाल ते ओढ्याचं पाणी नसतं, डिकीतलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन काठावरच 'फिक्स' करायचा, म्हणजे रसायनांनी बांधून ठेवायचा : मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही प्रत्येकी २ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करा, साका खाली बसू द्या, पुन्हा एकदा हलवा. तो अर्ध्याखाली बसला की २ मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड. साका विरघळून पाणी पिवळसर-तपकिरी होतं. इथपर्यंत काठावर झालं की बाटली काळ्या कापडात गुंडाळून काही तासांत घरी टायट्रेशन करायला हरकत नाही.

हातमोजे आणि चष्मा हवाच, ॲसिडशी खेळ नको. अझाइड विषारी आहे. उरलेलं द्रव ओढ्यात ओतू नका. ओढ्यासाठी राबायचं आणि त्यातच विष सोडायचं असं होता कामा नये. वेगळ्या कॅनमध्ये गोळा करा आणि एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशी आधीच बोलून तिथे द्या.

टायट्रेशन सारखं चुकतंय?

इथे आकडा नेमक्या कुठल्या दिशेला चुकतोय ते आधी बघा, कारण दिशाच दोष सांगते.

सगळ्यांचे आकडे थोडे थोडे जास्त येत असतील तर थायोसल्फेट जुनं झालंय. ते कमजोर झालं की तेवढंच काम करायला जास्त मिलिलिटर लागतात, आणि आपण मिलिलिटरच मोजतो, म्हणून डीओ खोटाच जास्त दिसतो. आमच्याकडे एकदा बाटली खिडकीत उन्हात राहिली होती आणि दोन महिने सगळी ठिकाणं 'सुधारत' होती. थायोसल्फेट गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवायचं, वर तयार केल्याची तारीख. दर महिन्याला तपासून घ्या (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) : ०.०२५ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे २० मिलिलिटर, त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिड घालून पाच मिनिटं अंधारात ठेवलं, तर त्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटही २० मिलिलिटरच लागायला हवं. २१ लागलं तर थायोसल्फेट कमजोर आहे. नवीन करा किंवा गुणक लावा, आणि कुठल्या तारखेपासून लावला ते लिहा.

एकाच माणसाचा आकडा इकडेतिकडे उड्या मारत असेल तर स्टार्च बघा. स्टार्च सुरुवातीलाच घालायचं नाही. द्रावण फिकट पिवळं, गवताच्या वाळक्या काडीच्या रंगाचं झालं की मग घालायचं. निळा रंग येतो, तो नाहीसा होण्याच्या पहिल्या क्षणी थांबायचं. थोड्या वेळानं निळा परत आला तर तो मोजू नका, तो बाहेरच्या हवेचा. स्टार्चनं निळ्याऐवजी जांभळट-तांबूस रंग दिला तर ते शिळं झालंय, ताजं करा. भांडं खाली ठेवून पाठीमागे पांढरा कागद धरला तर तो शेवटचा थेंब पकडणं खूप सोपं जातं. आमच्यातले एक काका आधी हिशोबाच्या वहीवर ठेवून बघायचे, रेघांमुळे त्यांना रंग गेलेला कळायचाच नाही.

हिशोब : फिक्स केलेल्या बाटलीतलं २०३ मिलिलिटर घेतलं आणि थायोसल्फेट बरोबर ०.०२५ नॉर्मल असेल तर जितके मिलिलिटर तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. तीन मिलिलिटर जास्तीचे का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. रसायनं घालताना बाटलीतून जेवढं पाणी बाहेर सांडलं त्याची ती भरपाई.

थेंबांचं तयार किट वापरत असाल तर एकच लक्षात ठेवा. ड्रॉपर उभा धरा. तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो आणि सगळा हिशोब थेंबांच्या संख्येवर आहे.

टीडीएस दुप्पट किंवा निम्मा

इथे निम्म्याहून जास्त वेळा चूक एककाची असते. मीटर खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, मायक्रोसीमेन्समध्ये. तिला ठरावीक आकड्यानं गुणून पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, दाखवतं. काही मीटर ०.५ नं गुणतात, काही ०.७ नं. म्हणजे १००० मायक्रोसीमेन्सचं तेच पाणी एक मीटर ५०० दाखवेल, दुसरं ७००, आणि बटण चुकून दाबलं गेलं असेल तर तिसरं थेट १०००. तिन्ही मीटर बरोबर. म्हणून आम्ही वहीत पीपीएम लिहिणं बंदच केलं, फक्त मायक्रोसीमेन्स लिहितो. जुन्या नोंदी दुरुस्त करायच्या असतील तर मीटरच्या पत्रकात गुणक शोधा, अंदाजानं भागू नका.

एककाची शंका मिटली तर १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण मिळतं, त्यात २५ अंशांना मीटर बुडवा. फरक पडला तर मीटर त्यावर लावून घ्या. बुडवताना थोडं हलवा, टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तरी आकडा घसरतो. दोन ठिकाणांच्या मध्ये टोक डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, नळाच्या पाण्यानं नाही. बॅटरीत घालायचं पाणी या कामाला चालतं.

आणि एक आग्रहानं सांगायचंय. कमी टीडीएस म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. मीटरला क्षार कळतात. मैल्यातले जंतू कळत नाहीत, कीटकनाशक कळत नाही, तेल कळत नाही. पावसाळ्यात पाणी वाढलं की टीडीएस झपकन उतरतो, आणि त्याच वेळी जंतू वाढलेले असू शकतात. लोक घरातल्या आरओच्या सवयीनं हा आकडा बघतात, त्यामुळे हे परत परत सांगावं लागतं.

पीएच नऊ आला

आधी इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक. तो कोरडा ठेवला होता का? डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवला होता का? दोन्हींनी तो हळूहळू मरतो. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्ततेजवळचं द्रावण लागतं, टोपीत थोडं असलं तरी पुरे. ४, ७ आणि ९.२ अशा ठरलेल्या पीएचचं द्रावण करायच्या बफर कॅप्सूल स्वस्तात मिळतात, त्यांनी कॅलिब्रेट करा. वापरलेलं बफर परत मूळ बाटलीत ओतू नका. आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील तर इलेक्ट्रोडचं आयुष्य संपत आलंय.

इलेक्ट्रोड ठणठणीत असेल आणि वेळ दुपारची असेल तर पुन्हा शेवाळच. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, आणि पीएच चढतो. वर कुठे कारखाना नसतानाही तो नऊपर्यंत जाऊ शकतो. पण म्हणून दुर्लक्ष करू नका. सांडपाण्याच्या ओढ्यात अमोनिया असतो, आणि माशांना घातक असतो तो मुक्त अमोनिया. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्का भागच मुक्त असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या पुढे जातो. ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तेच पाणी, तेवढाच अमोनिया, आणि दुपारी ते माशांना विषारी होतं. म्हणून पीएच आणि अमोनिया एकाच वेळी मोजा, वेगवेगळ्या दिवशी नाही.

काळ्या पडणाऱ्या बाटल्या

पाण्यात मैल्यातले जिवाणू असतील तर काळी पडणारी एचटूएस बाटली ओढ्याच्या पाण्यावर लावली की ती काळी पडतेच. शहरातल्या ओढ्यावर यातून नवं काही कळत नाही, बाटल्या वाया जातात. काठावरच्या विहिरी, बोअरवेल, हापसे यांच्यासाठी त्या राखून ठेवा. तिथे काळा रंग आला तर ती तातडीची बाब आहे, त्या घरी त्याच दिवशी सांगायला जा.

सगळं तपासलं, आकडा तरी वाईटच

मग तो खरा आहे. आता शोध ओढ्यात.

दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या किटसह, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा न्या. जुळलं तर टीडीएस मीटर घेऊन प्रवाहाच्या उलट दिशेनं काठाकाठानं वर चालायला लागा, दर शे-दोनशे पावलांवर बुडवत. आकडा जिथे अचानक खाली येतो, तिथे आणि मागच्या जागेच्या मध्ये काहीतरी मिळतंय. तुंबून वाहणारं ड्रेनेजचं चेंबर, झुडपाआडचा पाइप, टँकरच्या चाकांच्या खुणा. आम्हाला एकदा असंच एक चेंबर सापडलं, झाकणावरून पाणी भळाभळा बाहेर येत होतं आणि वर घाणेरीचं झुडूप इतकं दाट की दहा फुटांवरून दिसत नव्हतं. वासही वाऱ्याच्या दिशेमुळे आला नव्हता. मीटरनं सांगितलं म्हणून थांबलो.

तुलनेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष पाठ असू द्या. आंघोळीयोग्य पाण्याला डीओ ५ किंवा जास्त, बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५. मासे आणि वन्यजीवांसाठी डीओ किमान ४, मुक्त अमोनिया १.२ किंवा कमी. बीओडी घरी करू नका, आपल्याकडची पद्धत २७ अंशांना तीन दिवसांची आहे, त्याला इनक्युबेटर लागतो. तो नमुना प्रयोगशाळेत द्या, बर्फात ठेवून, त्याच दिवशी.

आपला आकडा कोर्टात पुरावा म्हणून चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. सांडपाणी सोडणाऱ्यावर कारवाईसाठी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळानं रीतसर घेतलेला नमुना लागतो. आपला चालत नाही. पण मंडळाच्या माणसानं कुठे आणि किती वाजता यावं हे आपला आकडा सांगू शकतो, आणि ती मोठी गोष्ट आहे. 'ओढा फार घाण झालाय' या तक्रारीवर कोणी दुपारी बाराला येऊन, पाणी बघून निघून जातं. 'या पुलाखाली सलग चार रविवार पहाटे साडेसहाला डीओ दोनच्या खाली, वरच्या चेंबरचा फोटो सोबत' या तक्रारीला तसं परतवणं अवघड असतं. महापालिका किंवा ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोन्हींकडे लेखी द्या, पोच घ्या.

आणि वहीतला एकही आकडा खोडू नका. संशय असेल तर पुढे 'शंकास्पद' लिहा आणि का ते लिहा : बुडबुडा होता, स्टार्च शिळं होतं, आदल्या रात्री वळीव झाला. पहिल्या वळवाचं पाणी रस्त्यावरची, गटारांतली वर्षभराची घाण घेऊन ओढ्यात येतं, त्या दिवशीचा वाईट आकडा अगदी खरा असतो. त्या मुलीनं त्या सकाळी आपला दोन खोडून, आमचे आठ बघून, तिथे आठ लिहिला असता तर आम्ही आजही दुपारीच जात असतो.

पावसाळ्यात पाणी चढलेलं असताना काठावर उतरायचं नाही. पुलावरून जमलं तर ठीक, नाहीतर त्या रविवारच्या रकान्यात 'पूर, नमुना घेतला नाही' एवढंच. रामनदीला पाणी फार पटकन चढतं.

आमची पुढची पहाटेची फेरी येत्या रविवारी आहे. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला एक टॉर्च, काळं कापड, दोन बाटल्या. सहाच्या आधी काठावर.